पार आणि चावडी

१९९१ च्या डिसेंबरात जर्मनीतल्या कुणा एका वापरकर्त्याने हेलसिंकीतल्या एका विद्यार्थ्याकडे गाऱ्हाणं घातलं. त्याच्या संगणकात जेमतेम दोन मेगाबाइट मेमरी होती आणि विद्यार्थ्याने लिहिलेल्या नव्या प्रणालीचा गाभा तेवढ्यात कंपाइल होत नव्हता. विद्यार्थ्याच्या स्वतःच्या यंत्रात याहून जास्त मेमरी होती, त्यामुळे ही अडचण त्याची नव्हतीच. तरीही नाताळच्या सुट्टीत बसून त्याने मेमरी कमी पडली की तिच्यातला काही भाग तात्पुरता डिस्कवर हलवण्याची सोय लिहून काढली. जानेवारी १९९२ मध्ये निघालेल्या लिनक्सच्या ०.१२ या आवृत्तीत ती सोय आली. मिनिक्स या त्या वेळच्या नावाजलेल्या प्रणालीत ती नव्हती, आणि अनेक मिनिक्सवाले लिनक्सकडे वळले ते याच सुमारास. पहिल्या परवान्याचंही असंच झालं. त्या विद्यार्थ्याने, लिनुस टोरवाल्ड्सने, सुरुवातीला लिनक्सच्या वाटपावर पैसे घ्यायला मनाई केली होती. फ्लॉपीवर प्रती काढून देणाऱ्याला निदान खर्च तरी घेता यावा, असं लोकांनी म्हटल्यावर त्याने तो परवाना बदलला आणि १९९२ च्या फेब्रुवारीपासून लिनक्स जीपीएल या खुल्या परवान्याखाली आलं.

या दोन्ही प्रसंगांत लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट म्हणजे बोलणं कुठे चाललं होतं. लिनक्सला तेव्हा स्वतःचं चर्चास्थळ नव्हतं. यूजनेटवरचा मिनिक्सचा चर्चागट हेच त्याचं घर होतं. २५ ऑगस्ट १९९१ ला टोरवाल्ड्सने आपल्या प्रकल्पाची पहिली वाच्यता तिथेच केली, आणि तीही मिनिक्समध्ये तुम्हांला काय आवडतं, काय खटकतं, हे विचारत. मिनिक्स लिहिणारे अँड्र्यू टॅनेनबॉम हे ॲम्स्टरडॅमच्या विद्यापीठातले नामवंत प्राध्यापक. १९८७ मध्ये पाठ्यपुस्तकासोबत त्यांनी ही प्रणाली आणली, आणि जगभरचे हौशी लोक तिच्याभोवती जमले. सूचनांचा पाऊस पडायचा. टॅनेनबॉम बहुतेक सूचना नाकारत, आणि त्यामागे मुजोरी नव्हती. एका सत्रात विद्यार्थ्याला समजेल एवढीच प्रणाली त्यांना हवी होती. बदललेली मिनिक्स वाटायला परवानगी नसल्याने सुधारणा करणाऱ्यांना नुसते पॅच वाटावे लागत. घेणाऱ्याने मूळ प्रणाली विकत घ्यायची आणि ते पॅच एकामागून एक आपल्या हाताने चढवायचे. म्हणजे एकाच गटात, त्याच माणसांसमोर, त्याच महिन्यांत दोन प्रकल्प उभे होते. पहिल्यात बोललेलं ऐकलं जायचं आणि तिथेच संपायचं. दुसऱ्यात ते पुढच्या आवृत्तीत दिसायचं. जानेवारी १९९२ च्या अखेरीस टॅनेनबॉम यांनी त्याच गटात लिनक्सची रचना कालबाह्य असल्याचं जाहीर केलं. त्यातून पेटलेला वाद आजही अभ्यासक्रमांत वाचला जातो. रचनेपुरता त्यांच्या युक्तिवादात दम होता, पण लोकांचा कल तोवर ठरून गेला होता.

सॉफ्टवेअरभोवती माणसं जमवायची तर चर्चेला जागा द्या, असा सल्ला आज प्रत्येक कंपनीला मिळतो. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धा आहे. जागेने माणसं जमतात, टिकतात मात्र वेगळ्याच कारणाने. आपल्या गावांत पार असतो आणि चावडी असते. पारावर कुणीही, कितीही वेळ, काहीही बोलावं. चावडीवर बोललेल्याची नोंद होते आणि त्यातून काहीतरी ठरतं. बहुतेक सॉफ्टवेअर कंपन्या पार बांधून देतात आणि चावडीची अपेक्षा करतात. माझं म्हणणं एवढंच आहे की चर्चेतून प्रकल्प बदलू शकत असेल आणि तो का बदलला किंवा का बदलला नाही याची कारणं तिथेच लिहिली जात असतील, तरच त्या चर्चेतून समुदाय घडतो. बाकी सगळं ग्राहकसेवेचं काउंटर. त्यालाही किंमत आहे, पण त्याला समुदाय म्हणू नये.

सन मायक्रोसिस्टम्सने २००५ मध्ये आपल्या सोलारिस प्रणालीचा कोड ‘ओपनसोलारिस’ या नावाने खुला केला, तेव्हा चर्चेची कमतरता नव्हती. याद्या होत्या, गट होते, निवडून आलेलं संचालक मंडळ होतं आणि घटनासुद्धा होती. पण बाहेरच्या माणसाला एखादा बदल मूळ कोडमध्ये घालायचा तर सनच्या नोकरीतला कुणीतरी पुरस्कर्ता शोधावा लागे, आणि महत्त्वाचे निर्णय कंपनीच्या भिंतींआड होत. २०१० मध्ये ओरॅकलने सन विकत घेतल्यावर तर पत्रांना उत्तर येणंही थांबलं. मंडळाने कंपनीला मुदत दिली, ती टळली, आणि २३ ऑगस्ट २०१० ला मंडळाने स्वतःलाच विसर्जित केलं. ज्याच्या हाती काही नव्हतं त्याच्या राजीनाम्याने काही अडलंही नाही. त्याच ओरॅकलच्या ताब्यात गेलेल्या ओपनऑफिसच्या कार्यकर्त्यांनी पुढच्याच महिन्यात वेगळा मार्ग धरला. कोड उचलून त्यांनी लिबरऑफिस सुरू केलं, आणि आज सरकारी कचेऱ्यांपासून शाळांपर्यंत दिसतं ते तेच. बोलण्याला किंमत नसेल तर निघून जाण्याचा हक्क उरतो. मुक्त परवान्याच्या सॉफ्टवेअरमध्ये तो हक्क खरा असतो, आणि चर्चेत मालकांना ऐकून घ्यायला लावणारं बळही बव्हंशी त्यातूनच येतं.

निर्णय चर्चेत घ्यायचे म्हणजे प्रत्यक्षात काय करायचं, हे १९९५ साली ॲपाची गटाने जवळजवळ अपघाताने शोधलं. अमेरिकेतल्या एनसीएसए या संस्थेने बनवलेला वेब-सर्व्हर जगभर वापरात होता, पण त्याचा कर्ता नोकरी सोडून गेला आणि सुधारणा थांबल्या. ठिकठिकाणचे संकेतस्थळचालक आपापले पॅच लिहून एकमेकांना ईमेलने पाठवू लागले. त्यांतल्या आठ जणांनी गट केला. हे आठ जण वेगवेगळ्या देशांत राहणारे, आपापली पोटापाण्याची नोकरी सांभाळणारे. एका खोलीत, एका वेळी बसणं शक्यच नव्हतं. म्हणून प्रत्येक बदलावर लेखी मत द्यायचं ठरलं: पसंतीला अधिक एक, तटस्थतेला शून्य, विरोधाला उणे एक. एका उणे मताने बदल अडू शकत होता, पण त्याला तांत्रिक कारण लिहून द्यावं लागे. नुसतं ‘नको’ चालत नसे. किरकोळ गोष्टीत ठरावीक मुदतीत कुणी हरकत घेतली नाही तर मौनालाच संमती समजत. वर्षभरात, एप्रिल १९९६ पर्यंत, ॲपाची हा जगात सर्वाधिक वापरला जाणारा वेब-सर्व्हर झाला होता. या पद्धतीतली खरी हुशारी मतमोजणीत नाही, नकाराला कारणाची सक्ती करण्यात आहे. कारण लिहिलं की ते खोडता येतं. सहा महिन्यांनी आलेल्या नवख्यालाही ते वाचता येतं, आणि परिस्थिती बदलली की तोच प्रश्न नव्याने उघडता येतो. तोंडी नकाराला यातलं काहीच शक्य नसतं.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो आकड्यांनिशी येतो. शेवटी काम करणारे मूठभरच असतात, मग हजारोंना चर्चेत घेण्याचा खटाटोप कशाला? ॲपाचीचाच अभ्यास मॉकस, फील्डिंग आणि हर्ब्सलेब यांनी केला. त्यांतले फील्डिंग हे ॲपाचीच्या मूळ आठांपैकी एक. कोडमधल्या बदलांपैकी ८३ टक्क्यांहून अधिक बदल पंधरा जणांनी केले होते, असं त्यांना आढळलं. इथवर आक्षेप खरा आहे. पण त्याच अभ्यासात दोष कळवणाऱ्यांची संख्या तीन हजारांच्या वर होती. पंधरा जणांच्या पंधरा यंत्रांवर जे कधी घडलंच नसतं ते या हजारोंच्या यंत्रांवर घडत होतं, आणि ते सांगायला ते पुढे येत होते. दोष कळवणं हे काही गमतीचं काम नाही. आवृत्ती, यंत्रणा, क्रम, सगळं नीट लिहावं लागतं. आपण लिहिलेलं कुणीतरी वाचतं आणि त्याचं पुढे काय झालं ते दिसतं, एवढा भरवसा असल्याशिवाय माणूस दुसऱ्यांदा ते करत नाही.

‘ॲपाची’तलं पहिलंच अक्षर या मुद्द्याला लागू पडतं. युनिकोडमध्ये या ॲ ला स्वतंत्र संकेत मिळाला तो २००८ सालच्या ५.१ आवृत्तीत. तोवर अ वर चंद्र चढवून वेळ मारून न्यावी लागे. देवनागरी म्हणजे हिंदी असं गृहीत धरणाऱ्या अभियंत्याला ही उणीव जाणवलीच नसती. ते अक्षर लागतं मराठी लिहिणाऱ्याला. युनिकोडमध्ये अक्षर घालायला लेखी प्रस्ताव लागतो, वापराचे पुरावे जोडावे लागतात, आणि ते कागद कुणालाही वाचता येतात. दार उघडं असल्याचा फायदा बहुसंख्यांना फारसा होत नाही, कारण त्यांची गरज आतल्यांना आधीच ठाऊक असते. फायदा होतो तो कडेला उभ्या असलेल्यांना.

मग फुकटात उत्तरं देणारे का देतात, हा उपप्रश्न उरतो. परोपकार हे गोड उत्तर आहे, पण लाखानी आणि फॉन हिपेल यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वेगळंच दिसलं. ॲपाचीविषयीच्या जाहीर प्रश्नोत्तरांत मदत करणाऱ्यांचा ९८ टक्के वेळ इतरांचं वाचण्यात, म्हणजे स्वतः शिकण्यात जात होता. प्रत्यक्ष उत्तर लिहायला काही मिनिटंच लागत, कारण ते उत्तर त्यांना आधीच येत असे. अर्थ सरळ आहे. जाणत्या माणसाला तिथे शिकण्यासारखं काही सापडत राहिलं तर तो राहतो, आणि राहता राहता नवख्यांना उत्तरं देतो. ज्या चर्चेत फक्त ‘पासवर्ड विसरलो’ आणि ‘इन्स्टॉल होत नाही’ एवढंच उरतं, तिथून आधी जाणते निघून जातात. पाठोपाठ प्रश्न विचारणारेही जातात, कारण उत्तर द्यायला कुणी उरत नाही. बिल्ले, गुण आणि क्रमवारी लावून उत्साह टिकवणाऱ्या योजनाकारांनी हा अभ्यास एकदा वाचायला हरकत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: जाहीर चर्चेत निर्णय लांबतात, आणि निर्णय घेणारा माणूस खचतो. पायथॉन भाषेचा इतिहास याला साक्षी आहे. पायथॉनमध्ये मोठा बदल करायचा तर २००० सालापासून लेखी प्रस्ताव द्यावा लागतो, त्यावर खुली चर्चा होते. अंतिम शब्द भाषेचा जनक गिडो फान रॉसम यांचा असे. ‘तहहयात सौम्य हुकूमशहा’ हे त्यांचं अर्ध्या थट्टेतलं पद होतं. २०१८ मध्ये एका छोट्या चिन्हावरून, पदावलीच्या आतच चलाला किंमत देण्याच्या सोयीवरून, महिनोन्महिने वाद चालला. प्रस्ताव मंजूर झाला आणि १२ जुलै २०१८ ला फान रॉसम यांनी ते पद सोडलं. एका प्रस्तावासाठी इतकं झगडूनही इतक्या लोकांचा रोष पत्करण्याची ताकद आता नाही, असा त्यांच्या पत्राचा आशय होता.

यावरून खुली चर्चाच निकामी ठरवणं घाईचं होईल. पायथॉनमध्ये चर्चा हजारोंची होती आणि निर्णयाचा भार एकट्याचा. बोलण्याचा हक्क सगळ्यांना देऊन ठरवण्याचं ओझं एकाच्या खांद्यावर ठेवलं की तो एक जण प्रत्येक हरलेल्या माणसाचा वैयक्तिक शत्रू होतो. पुढे काय झालं तेही पाहावं. कारभाराची नवी रचना कशी असावी यावर निरनिराळे लेखी प्रस्ताव आले, मुख्य विकासकांनी डिसेंबर २०१८ मध्ये मतदान केलं आणि पाच जणांची निवडून येणारी सुकाणू समिती ठरली. खुद्द फान रॉसम पहिल्या समितीत होते. म्हणजे जाहीर चर्चेने जे मोडलं ते जाहीर चर्चेनेच पुन्हा उभं केलं, आणि भाषा या काळात थांबली नाही. रस्ट भाषेच्या मंडळींनी याच दुखण्यावर दुसरा इलाज केला. निर्णय देताना नवं कारण पुढे करायचं नाही, जे कारण आधी उघडपणे मांडून तपासलं गेलंय त्यावरच निर्णय बेतायचा, असं तत्त्व त्यांनी मांडलं. त्यांच्याकडेही २०१९ मध्ये ‘अवेट’ हा शब्द नेमका कुठे लिहायचा यावरून अफाट काथ्याकूट झाला, आणि निर्णय बऱ्याच जणांना पटलाही नाही. पण आपला मुद्दा ऐकलाच नाही असं म्हणायला फारशी जागा उरली नाही. हरलेल्या बाजूने प्रकल्पात राहावं असं वाटत असेल तर तिला एवढं द्यावंच लागतं. मतैक्य दरवेळी होत नाही, आणि त्याची वाट पाहत बसणं हाही एक प्रकारचा निर्णयच असतो.

भाषेच्या उद्धटपणाबद्दल थोडक्यात. लिनक्सच्या चर्चेतले अपमान अनेक वर्षं गुणवत्तेची किंमत म्हणून खपवले गेले. सप्टेंबर २०१८ मध्ये खुद्द टोरवाल्ड्स यांनी आपल्या पत्रांतल्या भाषेबद्दल जाहीर माफी मागितली, काही आठवडे काम थांबवलं आणि प्रकल्पाने आचारसंहिता स्वीकारली. लिनक्सचा दर्जा त्यानंतर घसरल्याचं काही दिसलेलं नाही, त्यामुळे शिव्यांचा आणि दर्जाचा संबंध जोडणाऱ्यांनी पुरावा द्यायची पाळी आता त्यांची आहे.

अलीकडे अनेक प्रकल्प चर्चागट सोडून गप्पांच्या ॲपवर गेले आहेत. तिथे उत्तर चटकन मिळतं, नवख्याला बिचकल्यासारखं होत नाही, आणि हे फायदे खरे आहेत. पण तिथलं बोलणं वाहून जातं. शोधयंत्राला ते दिसत नाही. तोच प्रश्न आठवड्यात चौदा वेळा येतो. त्याहून मोठं नुकसान म्हणजे जे त्या क्षणी जागे होते त्यांचंच मत धरलं जातं. पुण्यातला किंवा नागपुरातला विकासक सकाळी उठतो तेव्हा कॅलिफोर्नियातल्यांनी ठरवून टाकलेलं असतं. ॲपाचीच्या आठ जणांना लिहून मत द्यायला लावणारी अडचणच त्यांच्या पद्धतीचा पाया होती.

आता सर्वांत अवघड आक्षेप. जाहीर चर्चा हत्यार म्हणूनही वापरता येते. एक्सझेड हे फायली दाबून लहान करणारं, जवळजवळ प्रत्येक लिनक्स यंत्रावर असलेलं साधन. त्याची देखभाल वर्षानुवर्षं एकच माणूस फावल्या वेळात, बिनपगारी करत होता. २०२१ मध्ये ‘जिया तान’ या नावाने कुणीतरी तिथे नेमाने मदत करू लागलं. २०२२ मध्ये वेगळ्याच नावांची काही माणसं प्रकल्पाच्या जाहीर पत्रव्यवहारात उगवली. बदल किती सावकाश घेतले जातात, देखभाल करणाऱ्याला रस उरलेला नाही, दुसऱ्याच्या हाती सूत्रं का देत नाही, असा त्यांनी धोशा लावला. समुदायाला याहून चांगलं मिळायला हवं, असा त्यांचा सूर होता. पुढे ‘जिया तान’ला कोडमध्ये थेट बदल करण्याचा अधिकार मिळाला, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत निघालेल्या आवृत्तीत गुप्त मागचं दार बसवलेलं होतं. आंद्रेस फ्रॉयंड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या विकासकाला दूरच्या यंत्रात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जादा लागतोय असं जाणवलं. त्याने माग काढला, आधी सुरक्षा सांभाळणाऱ्यांना कळवलं आणि २९ मार्च २०२४ ला सगळं जाहीर केलं. असे दोष आधी खाजगीत सांगावे लागतात, आणि सगळं काही उघड्यावरच बोललं पाहिजे हा हट्ट या एका ठिकाणी सोडावा लागतो.

मग ज्या समुदायाच्या आवाजाची मी एवढी बाजू घेतली, तोच आवाज इथे नकली निघाला, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. पण कोणता आवाज नकली होता ते पाहायला हवं. त्या तक्रारखोरांनी ना दोष कळवला होता, ना पॅच लिहिला होता, ना कुणाला उत्तर दिलं होतं. ॲपाचीच्या रीतीत त्यांच्या ‘घाई करा’ला उणे एकाचीही किंमत नव्हती, कारण त्याला तांत्रिक कारण नव्हतं. एक्सझेडमध्ये ती रीत नव्हती, कारण रीत चालवायला माणसंच नव्हती. कट उघड झाल्यावर दोनच दिवसांत जगभरच्या लोकांनी त्या जुन्या पत्रांची संगती लावून डाव कसा रचला गेला ते मांडलं. तो पत्रव्यवहार जाहीर आणि जपलेला होता म्हणूनच ते जमलं. २०२२ मध्ये मात्र ती पत्रं वाचणाऱ्या कुणालाही मध्ये पडावंसं वाटलं नव्हतं. हा बिनपगारी छंदाचा प्रकल्प आहे, असं देखभाल करणाऱ्याने तेव्हा स्पष्ट लिहिलं होतं. अर्ध्या जगाची यंत्रं त्या साधनावर चालत होती, आणि त्याचं ओझं उचलायला पुढे झालेला एकमेव माणूस म्हणजे ‘जिया तान’.